नाव म्हटलं की थांबायचं

ये गं अनू, अशी जवळ सरक. कागदावर कसं सरकायचं म्हणशील, तर तो फोन बाजूला ठेव, म्हणजे आपोआप सरकशील. आधी तुला थोडं बोलायचं आहे. परवा काय म्हणालीस तू? "आजी, कॉलेजात एक जुनं पद्यातलं नाटक लावलंय, त्यात चहा मागायचा तरी दहा उपमा देतात. माणसं असं बोलतात का कधी?" आणि वर हसलीस. मला राग नाही आला. फक्त त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि तुझ्या आजोबांनी ते निमूट खाल्लं.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काय झालं ते पेपरच्या पुरवण्या, वाचनालय आणि लोकांची बोलणी ऐकून. त्यामुळे अलंकारांच्या व्याख्या मला विचारू नकोस. पण असं बोलणारं माणूस मी पाहिलंय. पाहिलंय काय, त्यांच्या डोक्यावर राहिलेय, वरच्या मजल्यावर.

आमच्या घरमालकीण होत्या त्या. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे त्यांचं दुमजली घर. टायपिंगचा क्लास चालवून बांधलेलं. तुझ्या आजोबांना अंबडला कंपनी जवळ पडावी म्हणून आम्ही खोल्या बघत फिरत होतो. दार उघडलं तर समोर आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. आजोबांनी विचारलं, "पाणी कसं आहे इथं?" त्यावर त्या म्हणाल्या, "माहेरवाशिणीसारखं. येतं तेव्हा घरातली भांडी पुरत नाहीत, आणि जायचं तेव्हा सांगून जात नाही." आजोबा जिन्यात माझ्या कानाशी म्हणाले, "बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे." मी म्हटलं, असू दे, खोल्या हवेशीर आहेत.

त्या कोणालाच नावाने हाक मारत नसत. सगळ्या बायकांना माहेरच्या गावाने बोलवायच्या. मी निफाडकडची, म्हणून मी निफाड. शेजारच्या बंगल्यातल्या शबानाभाभीचे वडील मनमाडला रेल्वेत, म्हणून ती मनमाड. "निफाड, मनमाड आली का?" असं त्या जिन्याखालून ओरडल्या की रस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, इथून एसटी सुटते.

राहायला आल्यावर महिन्याभरात आमचा नळ गळायला लागला. मी खाली जाऊन म्हटलं, "काकू, नळ गळतोय."

"कसा गळतोय?"

"म्हणजे काय? थेंब थेंब गळतोय."

"ते सगळेच गळतात. हा कसा गळतो ते सांग."

मला आला राग. स्वयंपाकघरात चिखल, आणि ही बाई मला विचारतेय कसा. मी म्हटलं, "आमच्या सासूबाई जप करायच्या तसा. डोळा लागला तरी चालूच."

काकूंनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि तिथल्या तिथे प्लंबरला फोन लावला. प्लंबरलाही माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "वॉशर गेला असेल." काकू मला म्हणाल्या, "बघ, याला कविता कळत नाही, पण रोग बरोबर सांगितला त्याने. म्हणजे तुझी उपमा बरोबर होती."

तिथून मला खोड लागली.

त्यांचं म्हणणं असं, की सरळ बोलायला पाटी असते. 'येथे वाहने उभी करू नयेत.' पाटीला तोंड नाही म्हणून ती सरळ बोलते, तुम्हाला दिलंय ना तोंड. भाजीवाला 'वांगी ताजी आहेत' म्हणाला की त्या विचारायच्या, "ताजी म्हणजे?" त्याने आधी महिनाभर आमची गल्लीच टाळली. मग एक दिवस सायकल थांबवून म्हणाला, "काकू, वांगी सासरी निघालेल्या पोरीसारखी हायेत. अजून देठ सोडला नाय." काकूंना वांगं पचत नव्हतं. तरी घेतली, आणि आम्हा सगळ्यांना वाटली.

पण काहीही चालायचं असं नव्हतं हं. कोणी चंद्रासारखं मुख म्हणालं तर चहा मिळायचा नाही. "चंद्र वापरून वापरून गुळगुळीत झालाय. आपल्या घरातलं काहीतरी काढा."

आता उपम्याची गोष्ट ऐक. आमच्या कॉलनीच्या फळ्यावर काकूंनी एकदा लिहिलं: 'गुरुवारी चार वाजता, आमच्या पार्किंगमध्ये: उपमा. नंतर श्लेष. सर्व भगिनींनी यावे.' झालं. गुरुवारी पार्किंग गच्च. एकीने येताना लिंबं आणली होती, एकीने मुलीसाठी रिकामा डबा. शबानाभाभीने मला हळूच विचारलं, "वहिनी, ये श्लेष गोड असतो का?" काकूंना तेवढं बरोबर ऐकू गेलं. म्हणाल्या, "गोड असतो मनमाड, पण आधी फसवतो."

बायका चिडल्या. काही डबे घेऊन परत गेल्या. ज्या उरल्या त्यांना काकू पुढच्या गुरुवारपासून खराखुरा उपमा द्यायला लागल्या. त्यांच्या हातचा उपमा इतका वाईट असायचा की त्याला उपमा सुचायला वेळ लागत नसे. "काकू, हा पीओपीसारखा झालाय, छताला लावा," असं पहिल्यांदा शबानाभाभीच बोलली. काकू इतक्या खूश, की तिला आणखी एक वाटी वाढली.

या गुरुवारांतून ते नाटक निघालं. काकूंकडे एक जुनं छापील पुस्तक होतं. पुढची पानं गळून गेलेली, त्यामुळे कोणी लिहिलं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं. गोष्ट साधी. एक राजा प्रजेला दिलेला शब्द मोडतो आणि खजिना घेऊन नदीपार पळून जायला निघतो. घाटावर राणीची एक दासी उभी असते. तिच्याकडे हत्यार नाही, सैन्य नाही. ती फक्त बोलते. दीड पान बोलते. नदीला काय म्हणते, राजाच्या घोड्यांना काय म्हणते, मग शेवटी चार ओळी येतात. मला आजही झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवेन:

पेट्या चढवा, घोडे चढवा, चढवा चवरी, राया,
सोशिल सारे लाकुड अमुचे, नका घाबरू वाया.
मोडुन आला शब्द तेवढा काठावरती ठेवा,
तो जर चढला, बुडेल नाव, न वाचवता ये देवा.

आता बघ कसं आहे. 'नाव बुडाली' म्हटलं की होडी. 'नाव बुडालं' म्हटलं की अब्रू. पण 'बुडेल' म्हटलं की कळतच नाही कोण बुडणार. दोघींना एकच शब्द चालतो. म्हणून राजा आपल्या होडीकडे बघतो, आणि बाकी सगळे राजाकडे बघतात. काकू म्हणायच्या, "लेखकाचं स्वतःचं नाव गेलं, पण ही नाव काय बांधलीय बघ."

ही दासी काकूंनी मला दिली. मी म्हटलं, काकू, माझी जीभ निफाडची, मला पद्य कसं येणार. त्या म्हणाल्या, "दासी काय पुण्याहून आणतात?" राजा शबानाभाभी, कारण ती उंच आणि आवाज पहाडी. आजोबांनी कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून होडी बनवली.

तालमीत मी पहिल्या दिवशी काय घोटाळा केला असेल? एका दमात म्हणून टाकलं, "बुडेल नाव न," आणि मग श्वास घेतला.

काकूंनी पुस्तक मिटलं. "वाचली. 'बुडेल नाव न', म्हणजे नाही बुडणार. जुन्या पद्यात 'न' मागाहूनही येतो. तू राजाला सुखरूप पलीकडे पोचवलंस. जा बायांनो घरी, नाटक संपलं."

"मग कुठं थांबू?"

"नाव म्हटलं की थांबायचं. आणि तोंडावर काही दाखवायचं नाही. तुला विनोद कळलाय हे लोकांना कळलं, की मेला तो. दळणाचा डबा खाली ठेवतात तसं ठेव वाक्य. आणि वाट बघ."

"कशाची?"

"हशाची. आल्याशिवाय पुढे जायचं नाही."

मी म्हटलं, आणि नाही आला तर? त्यावर काकूंनी पुस्तक पिशवीत टाकलं. उपमा नाही, कोटी नाही. बाकीच्या बायका गेल्यावर पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं ते तुला सांगते.

शाळेत असताना हीच दासी त्यांनी केली होती. नाटक बसवणाऱ्या मास्तरांना वाटलं, नाव म्हणजे काय ते लोकांना कळायचं नाही. म्हणून त्यांनी ओळ बदलली. 'तो जर चढला, बुडेल नौका, वाचव वाचव देवा.' चालीत अगदी चपखल बसलं. काकूंनी मोठ्या आवाजात ते म्हटलं, आणि जिथे हशा यायचा तिथे पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"हात जोडले गं निफाड," काकू म्हणाल्या. "विनोदाला नमस्कार केला लोकांनी. त्या ओळीत हशा आहे, मला पक्कं माहीत आहे. तो मला एकदा ऐकायचाय." मग डाव्या कानावर टिचकी मारून म्हणाल्या, "हा रिटायर झाला. उजव्याला डॉक्टर नोटीस देऊन बसलेत. त्याच्या आत ऐकायचाय."

त्यानंतर मी ओळ पाठ केली नाही अनू, ती ओळ मी घरात पाळली. कणीक मळताना, कपडे पिळताना, नाव म्हटलं की थांबायचे. आजोबा जेवता जेवता विचारायचे, "पुढं?" मी वाट बघत बसायचे. ते म्हणायचे, "अगं वरण वाढ, हशा नंतर येईल."

नाटक आम्ही शहरातल्या एका हौशी स्पर्धेत दिलं. स्पर्धेच्या समितीतले एक सर तालीम बघायला आले. चांगला माणूस, हातात रुमाल, सारखा घाम पुसणारा. चार ओळी झाल्या आणि ते म्हणाले, "सुंदर. फक्त तेवढं 'नाव' बदला. हल्ली नाव म्हटलं की लोकांना आधार कार्डावरचं नाव आठवतं. गोंधळ होईल."

"गोंधळच करायचाय," काकू म्हणाल्या.

"त्यापेक्षा 'नौका' करा ना. चालीतही बसेल."

मी शबानाभाभीकडे बघितलं, भाभीने माझ्याकडे. काकू म्हणाल्या, "नौका बुडाली तर लाकूड जातं सर. त्यासाठी मी इतकी वर्षं थांबले नाही."

सरांना ते लागलं. "काकू, प्रेक्षकांचं मला जास्त कळतं. शब्द बदला, नाहीतर तो उताराच गाळा. हट्ट धरलात तर स्पर्धेतून तुमचं नाव काढावं लागेल."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" काकू म्हणाल्या. "नाव आमचं आम्हीच काढू."

पार्किंगमधल्या बायका हसल्या. सरांनी घाम पुसला. जाताना फाटकात म्हणाले, "ठीक आहे, ठेवा तुमचा शब्द. हॉल गप्प बसला तर मात्र मला बोल लावायचा नाही."

म्हणजे बघ, आता सगळं त्या एका शब्दावर आलं होतं. आणि तो शब्द माझ्या तोंडात.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरलेला. आमच्या आधीच्या नाटकात खूप रडारड झाली होती, त्यामुळे लोक जड होऊन बसलेले. सर पहिल्या रांगेत. काकू विंगेत स्टुलावर बसल्या, पण तिरक्या. उजवा कान हॉलकडे केलेला.

माझं बोलणं सुरू झालं. नदीच्या ओळींना कोणी खोकलं. घोड्यांच्या ओळींना कोणाचा तरी फोन वाजला. पेट्या चढवल्या, घोडे चढवले. शबानाभाभी मिशी लावून, कमरेवर हात ठेवून उभी. मी म्हटलं, "तो जर चढला, बुडेल नाव."

आणि थांबले.

काही नाही. अनू, एवढी माणसं आणि पंख्याचा आवाज ऐकू येतोय. भाभीने ठरल्याप्रमाणे सावकाश मान वळवली आणि होडीकडे बघितलं. वाकून तळ बघितला. तरी काही नाही. हॉलला वाटलं मी विसरले. पुढच्या रांगेतली एक बाई मला धीर द्यायला मान हलवायला लागली. विंगेतून आमच्यातली एक कुजबुजली, "न वाचवता, न वाचवता," आणि मला दिसलं की काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. सर रुमाल शोधत होते. पुढे जावं असं किती वाटलं म्हणून सांगू. पण दळणाचा डबा खाली ठेवला होता, तो मी उचलला नाही.

मग मागून, पार शेवटून, एका बाईचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं होडी नाही. नाव. त्याचं नाव बुडेल म्हणतेय ती. आणि हा येडा होडी बघतोय."

शेजारीण हसली. तिने पुढच्या रांगेत सांगितलं. तिथे दोघं हसले. हशा मागून पुढे येत गेला, लग्नात मागच्या पंगतीतून जिलबीची परात पुढे यावी तसा, आणि ज्याच्या पानात पडायचा तो शेजाऱ्याकडे वळायचा. मी अजून थांबलेलीच. भाभीने राजाच्या तोऱ्यात होडीची फळी हलवून बघितली, मजबूत आहे का. तेव्हा मात्र उरलेला हॉलही हसला. टाळ्या वाजल्या. सर रुमाल तोंडावर धरून हसत होते, खांदे गदगदत होते त्यांचे.

सगळं ओसरू दिलं आणि मग मी म्हटलं, "न वाचवता ये देवा." तर पुन्हा हसले. आधी होडीला हसले होते, आता नावाला हसले. आणि राजा मान खाली घालून घाटाची पायरी परत चढला.

पडदा पडल्यावर मी विंगेत धावले. काकू स्टुलावर तशाच, कान हॉलकडे. मी समोर उभी राहिले. मला वाटलं, आता हशाला उपमा देतील, कॉलनीला वर्षभर पुरेल अशी.

त्या म्हणाल्या, "आला."

तेवढंच. मग माझे दोन्ही हात धरून पुन्हा म्हणाल्या, "आला ना गं?"

"आला काकू. दोनदा आला."

सर रंगमंचामागे भेटायला आले. मोकळेपणाने म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर होतं. पुढच्या प्रयोगालाही नावच ठेवा." काकूंची जीभ तोवर ठिकाणावर आली होती. "आम्ही एकच ठेवलं होतं सर," त्या म्हणाल्या, "नावं तुम्ही ठेवत होतात." सर हसले, आणि यावेळी त्यांना लगेच कळलं.

बक्षीस काय मिळालं विचारशील. दुसरं मिळालं. काकूंनी ती ढाल भाजीवाल्याला दाखवली आणि मग ती पार्किंगच्या खिळ्यावर गेली. त्यांना ढालीचं काही नव्हतं. त्यांना तो हशा पुन्हा हवा होता. मग काय, आम्ही तो जिल्हाभर वाजवत फिरलो. निफाडला केला, तेव्हा माझे भाऊ पहिल्या रांगेत. मनमाडला भाभीच्या माहेरी रेल्वेच्या सभागृहात केला. तिथे 'बुडेल नाव' म्हटल्यावर मी श्वास घ्यायच्या आत लोक हसले, इतके चलाख. तोवर काकूंचा उजवा कानही गेला होता. त्या विंगेत खाली बसायच्या आणि रंगमंचाच्या फळीवर तळहात ठेवायच्या. हशा आला की फळी थरथरते. त्या तळहात तसाच ठेवून माझ्याकडे बघून मान डोलवायच्या, की हो, पोचला. मनमाडला तर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, आणि सुखावलेला चेहरा असा, की मी पुढची ओळ विसरता विसरता राहिले.

आता काकू नाहीत. गेल्या त्या शांतपणे गेल्या, पण जाण्याआधी नर्सला सलाईन 'कसं टपकतंय' ते विचारून गेल्या. नर्सनेही उत्तर दिलं म्हणे. काय दिलं ते मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

तर माणसं असं बोलतात, अनू. बोलत नसतील तर त्यांना अजून कोणी विचारलं नाही, एवढंच. तुझ्या पुस्तकात ज्या जागी तळटीप दिलीय ना, 'येथे श्लेष आहे', तिथे कधीतरी हॉल हसला असेल. तू ती ओळ डोळ्यांनी वाचतेस म्हणून ती गप्प बसते. तोंडाने म्हण, आणि थांब.

गुरुवार आमचे अजून चालू आहेत. नाटक यंदा पुन्हा बसवतोय. नव्या मुली आल्या आहेत, दासीसाठी दोघी भांडतायत. अडलंय ते राजापाशी. भाभीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तिला आता वाकून होडीचा तळ बघता येत नाही. आमच्या सगळ्यांत उंच तू आहेस. राजाला फार पाठांतर नाही. त्याला फक्त हॉल हसत असताना स्वतः हसायचं नाही, आणि ते सगळ्यांत कठीण. तुझ्या परीक्षा आटोपल्या की पिशवी भर आणि ये. खोलीत गादी घालून ठेवते, आजोबा स्टॅंडवर येतील. लवकर ये गं, होडी रंगवून तयार आहे.